फाटकापाशी बसवलेला माणूस

लोणंदला आमच्या आळीसमोर पूर्वी रेल्वेचं फाटक होतं. आता नाही. रुळांना दोन्ही बाजूंनी कुंपण घातलंय आणि थोडं पलीकडं रुळांखालून बोगदा काढलाय, गाड्या त्यातून जातात. फाटक गेलं, पण फाटकवाल्याच्या खोलीशेजारचा बसायचा दगड तिथंच राहिला. गेल्या मे महिन्याच्या शेवटी त्या दगडावर एक म्हातारा माणूस येऊन बसला. त्याचीच ही हकीकत. मी रेल्वेत पॉइंट्समन होतो, लिहिण्याशी माझा कधी संबंध आला नाही. पण अंबूबाई म्हणाल्या, "तात्या, तुमी सगळं बघितलंया, तुमीच लिवा." म्हणून लिहितोय. कुठं चुकलं तर अंबूबाई सांगतीलच.

अंबूबाईंचा बोगद्याच्या तोंडाशी चहाचा गाडा आहे. सकाळी गाडा लावताना त्यांनी त्या माणसाला पहिल्यांदा पाहिलं. डोक्याला पटका, खांद्यावर काळं घोंगडं, हातात काठी आणि उजव्या पायाला गुडघ्याखाली फडकं गुंडाळलेलं. तो भीक मागत नव्हता. येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघतही नव्हता. शिरवळच्या रस्त्याकडं तोंड करून बसला होता. दुपारचं ऊन डोक्यावर आलं तरी उठेना, तेव्हा अंबूबाई चहा घेऊन गेल्या.

"बाबा, कुनाकडं आलाय?"

"कुनाकडं न्हाई. बसलोय."

"ते दिसतंय. पर कशापायी?"

"माझी मानसं यायची हायत, मेंढरं घिऊन."

"कवा?"

"येतील की. मेंढरांच्या पायानं यायचं म्हंजी काय यस्टी हाय व्हय?"

अंबूबाईंना हसू आलं. नाव विचारलं तर नाथाजी म्हणाले. माणदेशातले धनगर. दरवर्षी दिवाळी झाली की त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांबरोबर चालणारी चार-पाच बिऱ्हाडं, शिरवळवरून भोरच्या बाजूला चाऱ्यासाठी जायचा आणि मृगाच्या आत परत फिरायचा. यंदा परतीच्या वाटेवर नाथाजींच्या पायात बाभळीचा काटा मोडला आणि पाय सुजला. चालता येईना. घोड्यावर बसायला ते तयार नव्हते. तेव्हा मुलगा धनाजी यानं त्यांना शिरवळला एका पिकअपमध्ये बसवून दिलं. पुढं लोणंदला जाऊन फाटकापाशी बसा, तळ तिथंच पडणार आहे, असं सांगितलं. फाटकाशेजारच्या रानात त्यांची मेंढरं वर्षानुवर्षं बसत आली होती. फाटक आता नाही हे नाथाजींना तिथं उतरल्यावरच कळलं. पण दगड होता. ते बसले.

आमच्या आळीत कृष्णात म्हणून एकजण आहे. त्याचा छोटा टेम्पो आहे, कांद्याच्या बाजारातला माल ने-आण करतो. माणूस अतिशय परोपकारी. कुणाची म्हातारी दवाखान्यात न्यायची असो, कुणाचं लग्न असो, कृष्णात पुढं. फक्त त्याला एकदा वाटलं की असंच आहे, की मग ते तसंच असतं. संध्याकाळी तो टेम्पो लावून दगडापाशी गेला. मी शेजारीच उभा होतो.

"आबा, पोराचा फोन नंबर काय?"

"त्येच्या फोनमदी हाय की."

"आवं, तुमास्नी पाठ हाय का?"

"मला कशाला पाठ पायजे? मी काय त्येला फोन लावतोय? त्यो माझ्यासंगटच आसतो."

"बरं, घर हाय का?"

"हाय की. मानदेशात. पत्र्याचं हाय. पावसाळ्यात चार म्हैनं ऱ्हातो."

"आन् बाकीचं आठ म्हैनं?"

"कुलूप."

कृष्णात माझ्याकडं बघून डोळ्यांनी काहीतरी म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो नाथाजींना टेम्पोतून पोलीस चौकीवर घेऊन गेला. तिथल्या माणसांनी चांगली मदत केली. नाथाजींच्या वाडीच्या पोलीस पाटलांना फोन लागला. पाटील म्हणाले, घराला कुलूप आहे आणि धनाजीचा नंबर बंद लागतोय. एवढं ऐकून कृष्णात परत आला आणि चहाच्या गाड्यापाशी जमलेल्या सगळ्यांना त्यानं निकाल सांगितला.

"घराला कुलूप, फोन बंद. अजून काय पायजे? टाकलं म्हाताऱ्याला पोरानं."

"आरं किस्ना, तसं नसंल," अंबूबाई म्हणाल्या.

"मावशी, मागल्या वर्षी यस्टी स्टँडवर पिशवी हातात दिऊन म्हातारी सोडली हुती का न्हाई? ती बी म्हनत हुती, पोरगा तिकीट काढाय गेलाय."

ती गोष्ट खरी होती. आम्ही सगळ्यांनी ती म्हातारी पाहिली होती. त्यामुळं आम्ही माना डोलावल्या. मेंढरांमागं जाणाऱ्याच्या घराला मे महिन्यात कुलूप नसेल तर काय असेल, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. आमची घरं बारा महिने उघडी असतात. कुलूप लागलेलं घर म्हणजे आमच्या लेखी सोडलेलं घर.

त्या दिवसापासून नाथाजी आळीचे झाले. त्यांच्या जेवणाचे वार घराघरांनी वाटून घेतले. सरकारी दवाखान्यात काटा काढला, पट्टी झाली. पोरांनी जुनी सतरंजी आणून दिली. नाथाजी कुणाला नको म्हणाले नाहीत आणि कुणाकडं काही मागितलंही नाही. भाकरी समोर आली की आधी दगडाच्या बाजूला एक तुकडा ठेवायचे. कुत्रं नव्हतं, पण सवय होती.

संध्याकाळी ऊन उतरलं की अंबूबाई आणि मी त्यांच्यापाशी जाऊन बसायचो. ते बोलायचे ते एवढ्या सहज की ऐकत राहावंसं वाटायचं. त्यांचा जन्म फलटणच्या पलीकडं एका ज्वारीच्या रानात झाला. सकाळी आईनं बाळाला पाटीत घातलं आणि तळ हलला. तेव्हापासून चालतायत. वाट सांगताना त्यांच्या तोंडात गावांची नावं कमी यायची, माणसांची जास्त. अमक्याच्या विहिरीवरून तमक्याच्या बांधावर. कुठल्या शेतकऱ्यानं मेंढरं रानात बसवायला नुसतं धान्य दिलं आणि कुठल्यानं वर गूळही दिला. रात्रभर मेंढरं बसली की रानाला खत मिळतं, म्हणून पूर्वी शेतकरी वाट बघायचे, बोलवायला यायचे. शिरवळकडं आता कारखाने झाले, रानांना भिंती आल्या. "मुतायला बसाय जागा ऱ्हायली न्हाई, मेंढरं कुठं बसवू?" असं म्हणून ते हसायचे. लोकर पूर्वी विकायची, आता कुणी विचारत नाही. घरची जमीन कोरडवाहू, पाऊस झाला तर मटकी आणि बाजरी, नाही झाला तर तेही नाही.

"मग हे सोडून द्यायचं, पोराला कंपनीत लावायचं," मी म्हणालो.

"कंपनीवालं लय शिकल्याली पोरं मागत्यात. आन् मेंढरं कुनाच्या दारात बांधू? तुमच्या?"

"बायको कुठं असते?" अंबूबाईंनी विचारलं.

"ती नीरंच्या अलीकडं ऱ्हायली. तापानं गेली. जाता-येता वाटंवर दिसती जागा. थांबतो, तंबाखू खातो, म्होरं जातो."



आमचं प्रेम मात्र नाथाजींना महागात पडत होतं, ते असं. उन्हात बसलेला म्हातारा आम्हाला बघवेना. म्हणून कृष्णातनं त्यांना मारुतीच्या देवळात नेऊन बसवलं. सावली होती, पंखा होता. दुपारी बघतो तर नाथाजी लंगडत परत दगडावर. मग देवळात सप्ताह बसला, म्हणून कांद्याच्या बाजारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची सोय केली. तिथूनही ते परत आले. ते अंतर बरंच आहे. पायाची पट्टी रक्तानं भिजली होती. अंबूबाई चिडल्या.

"आवं नाथाबा, तितं सावली हाय, पानी हाय. कशाला मरायला येताय हितं?"

"सावली हाय, पर पोरगं तितं बघनार न्हाई."

"मी सांगीन की त्येला!"

"तू पानी आनाय गेलीस आन् त्यो आला तर?" नाथाजी म्हणाले. "बाई, आमच्यात लहानपनीच सांगत्यात. रानात मानूस चुकलं तर त्यानं हालायचं न्हाई. जितं आपलं मानूस शेवटचं दिसलं, न्हाईतर जितं बस म्हनलंय, तितंच बसायचं. हुडकायचं काम दुसऱ्याचं. दोघंबी हुडकत हिंडाय लागलं तर दोघंबी जात्यात."

हे ऐकून अंबूबाईंनी खाली बसून त्यांची सैल झालेली पट्टी आवळली. कृष्णात मात्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "तात्या, डोकं फिरलंय बिचाऱ्याचं. पोराच्या नावानं जीव लावून बसलंय."

मग एका रात्री वळवाचा पाऊस झाला, गारांसकट. बोगद्यात कमरेएवढं पाणी साठलं. सकाळी नाथाजी दगडापाशीच घोंगड्याखाली कुडकुडत होते, अंगात ताप होता. आता मात्र आळीतल्या सगळ्यांचं एकमत झालं की हे असं चालायचं नाही. म्हातारा आपल्या डोळ्यांदेखत मेला तर? कृष्णातनं ओळखीतून सांगलीच्या एका संस्थेचा पत्ता काढला. तिथं निराधार म्हाताऱ्या माणसांना ठेवून घेतात. डॉक्टर असतात, जेवण असतं. चौकीतून रीतसर कागद झाला आणि दोन दिवसांनी संस्थेची गाडी दगडापाशी आली.

नाथाजी दगडावरून उठेनात.

"आबा, पोरगा आला तर आमी पत्ता देतो की त्येला," कृष्णात म्हणाला.

"आन् न्हाई दिलासा तर?"

"आमी काय मेलोय व्हय सगळी?"

नाथाजींनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "तू येतोस का संगट?"

"येतो की."

तेव्हा ते उठले. कृष्णात त्यांच्याशेजारी बसला आणि गाडी गेली. अंबूबाईंनी दगडावरची सतरंजी झटकली आणि घडी घालून गाड्याखाली ठेवली. सगळ्यांना हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. कृष्णात रात्री रेल्वेनं परत आला आणि म्हणाला, सोय चांगली आहे.

चारेक दिवस गेले असतील. सकाळी मी दूध आणायला निघालो तर अंबूबाईंनी हाक मारली.

"तात्या, तिकडं बघा."

दगडावर माणूस बसला होता. पटका, घोंगडं, काठी. मी घाबरलोच. जवळ गेलो तर हा तरुण होता, चाळिशीचा. तेवढ्यात कृष्णात टेम्पो घेऊन आला आणि खिडकीतून बघून म्हणाला, "आयला, अजून येक? हितं काय खाण लागली का काय?"

तो माणूस उभा राहिला. "पावनं, हितं आमचं म्हातारं बसल्यालं हुतं. पायाला फडकं बांधल्यालं. कुनी बघितलं का?"

कृष्णात टेम्पोतून खाली उतरला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "तू धनाजी व्हय? लाज वाटती का? बापाला रस्त्यावर टाकून जातूस आन् आता इचारतूस?"

"टाकून?" धनाजी म्हणाला. त्याला तो शब्द कळलाच नाही असं वाटलं. "आवं टाकून कशापायी? बसवून गेलो हुतो."

"आन् फोन बंद ठेवून?"

"फोन नदीत पडला. पानी पाजताना. आदी मेंढ्या व्यायला लागल्या, तळ हालंना. मग म्होरं गेलेल्या वाड्यानं सांगितलं, लोनंदच्या बोगद्यात पानी साठलंय, मेंढरं शिरत न्हाईत. आंधारात मेंढरू जात न्हाई, पान्यात तर न्हाईच न्हाई. मग लांबच्या फाटकाकडनं घालून आनली समदी. त्यात दिस मोडलं. तळ तरडगावच्या बाजूला पडला तसा रातीच निघून आलोय मी. कुठं हाय आमचा आबा?"

 अंबूबाईंनीच सांगितलं. सांगलीला. चांगली जागा आहे. औषधपाणी आहे. धनाजी ऐकत राहिला. रागावला नाही, ते जास्त अवघड होतं. म्हणाला, "कुनाला सांगून गेलं का? काय म्हनलं?"

कृष्णातनं खिशातून फोन काढला आणि संस्थेला लावला. तिथं शिवांजलीबाई म्हणून व्यवस्था बघतात. त्यांचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता.

"मी तुम्हालाच फोन करणार होते. नाथाजी काल सकाळच्या चहानंतर दिसत नाहीत. बसस्टँड बघितलं, घाटावर माणसं पाठवली, प्लॅटफॉर्म बघितले. पोलिसांना कळवलंय. ते सारखं म्हणत होते, माझी चुकामूक होईल."

धनाजी मटकन दगडावर बसला. मग लगेच उठला.

आम्ही टेम्पोनंच निघायचं ठरवलं. कृष्णात, धनाजी आणि मी. अंबूबाईही यायला निघाल्या होत्या, पण पाय उचलता उचलता थांबल्या.

"नको. म्हातारा चालत हिकडंच आला तर? हितं कुनीतरी बसाय पायजे." आणि गाडा शेजारणीच्या ताब्यात देऊन त्या स्वतः दगडावर जाऊन बसल्या.

सातारा मागं पडला. एका ठिकाणी कृष्णातनं वडापाव घेतला, धनाजीनं हातात धरून ठेवला. कराडच्या पुढं कृष्णात एकदम म्हणाला, "आमी वाईट मनानं न्हाई केलं गड्या."

"ते कळतंय की," धनाजी म्हणाला. "पट्टी केली, जेवायला घातलं. पर तुमी त्याचं आयकलं न्हाई."

"आयकलं. खरं वाटलं न्हाई."

धनाजी खिडकीबाहेर उसाकडं बघत राहिला. थोड्या वेळानं त्यानं वडापाव खाल्ला.

सांगलीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. संस्थेची जागा स्वच्छ होती. व्हरांड्यात बरीच म्हातारी माणसं बसलेली. शिवांजलीबाई रात्रभर झोपल्या नसाव्यात, डोळे सुजलेले होते. त्यांनी नाथाजींची खाट दाखवली. चादर न विस्कटलेली, कारण ते खाली जमिनीवर झोपत होते.

"आमच्याकडं येतात त्यातल्या बहुतेकांना न्यायला कुणी येत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून ते म्हणाले तेव्हा मलाही वाटलं, सगळेच असं म्हणतात."

व्हरांड्याच्या टोकाला एक म्हातारी बसली होती. मनुबाई नाव. धनाजी तिच्यासमोरून जाऊ लागला तर तिनं त्याचा हात धरला.

"मला न्यायला आलास व्हय रं?"

"न्हाई आजी. माझ्या बापाला हुडकतोय."

ती थोडा वेळ हात धरूनच राहिली. मग सोडला. "आसूं दे. ज्येला न्यायला आलायस त्येला ने लवकर. लय बडबड्या हाय, पर चांगला हाय."

कृष्णात तिथंच थांबून तिच्याकडं बघत होता. धनाजीनं त्याला हलवलं.

"दादा, मला येक सांगा. तुमी हितवर आला हुता का त्यांच्यासंगट?"

"हितवर न्हाई, सोयीचं डायवरनंच सांगितलं. माझी परतीची गाडी हुती. मी आदीच उतरलो. मग ह्यांची गाडी आबांना घिऊन म्होरं आली."

"कुठं उतरला?"

"रेल्वे स्टेशनवर. बाहेर, रिक्षा लागत्यात तितं."

"त्यांनी बघितलं तुमाला उतरताना?"

"बघितलं की. काचेतनं बघत हुते." एवढं बोलून कृष्णात थांबला. कळलं ते त्याला बोलतानाच कळलं.

"चला मग," धनाजी म्हणाला.

स्टेशनबाहेर रिक्षांची रांग होती. प्लॅटफॉर्मवर आदल्या दिवशी संस्थेची माणसं बघून गेली होती, पण बाहेर भिंतीकडेला जी दहा-बारा माणसं बसलेली असतात, त्यांच्यात कुणी बघितलं नव्हतं. स्टेशनबाहेर बसलेला म्हातारा कुणाला वेगळा दिसणार? आम्ही तिघं तीन बाजूंना बघू लागलो. एक पेरूवाला, दोन हमाल, गाठोड्यावर झोपलेली एक बाई. मी रिक्षांच्या मागून निघालो, माझी नजर काही चांगली नाही, त्यामुळं मला नाहीच दिसले.

कृष्णातला दिसले. एका कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून, पाय लांब करून, घोंगडं मांडीवर घेऊन नाथाजी बसले होते. समोर पानावर अर्धी भाकरी. कृष्णात धावत गेला आणि त्यांच्यासमोर जाऊन नुसता उभा राहिला. 

नाथाजींनी वर बघितलं. "आलास व्हय? लय येळ लावलास गड्या."

कृष्णात खाली बसला आणि त्यानं त्यांचे दोन्ही हात धरले. एवढा दांडगा माणूस, पण रस्त्यावर सगळ्यांसमोर रडला. नाथाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि म्हणत होते, "आरं, हुतंय आसं. मानूस चुकतंय. गप. बसलो हुतो की मी, कुठं गेलो हुतो?" मग त्यांची नजर मागून येणाऱ्या धनाजीवर गेली आणि त्यांचा हात तसाच राहिला.

 धनाजीनं पहिल्यांदा पायाची पट्टी उचकटून बघितली.

"पू न्हाई," तो म्हणाला.

"काढला काटा. ह्यांनी काढला." मग म्हणाले, "जी मेंढी आडली हुती ती?"

"व्याली. दोन कोकरं हायत."

"दोन!" आणि तेव्हा कुठं नाथाजींचे डोळे भरून आले.

शेजारचा रिक्षावाला सगळं बघत होता. तो म्हणाला, "काल दुपारपासनं बसल्यात. पोलीसमामानं दोनदा उठवलं, तर रस्ता वलांडून पल्याड जायचे आन् मामा गेला की परत हितं. आमी म्हनलं, आजोबा गाडीत बसा, सोडतो. तर म्हनत्यात, मानूस हितनं गेलंय, हितंच येनार." त्यानंच भाकरी आणून दिली होती. कृष्णातनं त्याच्या खिशात काही घालायचा प्रयत्न केला, त्यानं घेतलं नाही.

मी अंबूबाईंना फोन लावला. "मिळाले."

पलीकडं त्यांनी ते शेजारणीला ओरडून सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "मग उठू का आता? माझी कंबार धरली."

शिवांजलीबाईंना कळवून आणि कागदावर सही करून आम्ही निघालो. नाथाजी पुढं खिडकीपाशी, धनाजी त्यांच्या बाजूला, मी मागं रिकाम्या पोत्यांवर. तिकडूनही मला नाथाजींचा आवाज ऐकू येत होता. ते संस्थेतल्या जेवणाचं कौतुक करत होते, फक्त छताखाली झोपल्यावर छातीवर कुणीतरी बसल्यासारखं होतं म्हणाले. कृष्णातनं मनुबाईंचं गाव विचारलं. नाथाजींना माहीत होतं, तिच्या माहेरचंही आणि सासरचंही. तीन-चार दिवसांत त्यांनी तिच्याकडून सगळं काढून घेतलं होतं. "जाऊन बघतो मी येकदा," कृष्णात म्हणाला. पुढच्याच आठवड्यात तो गेलाही, पण ती हकीकत वेगळी आहे आणि अजून संपलेली नाही.

तरडगावच्या बाजूला पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. एका नांगरलेल्या रानात मेंढरं बसली होती. कडेला घोडी, राहायची पालं, चूल पेटलेली. टेम्पो बांधावर थांबला तशी कुत्री भुंकत धावली आणि नाथाजींचा आवाज आल्याबरोबर त्यांचं भुंकणं बदललं, ती त्यांच्या अंगावरच चढायला लागली. चुलीपाशी धनाजीची बायको होती, स्वप्नाली. भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन ती पुढं आली. डोळे रडून लाल झालेले, पण आवाज चढलेला.

"मामांजी, कुठं हिंडत हुतासा ओ तुमी? जिवाला घोर लावला नुसता!"

"मी?" नाथाजी म्हणाले. "मी कुठं हिंडतूय? मी बसलोच हुतो. ह्या लोकांनी हिंडवलं. लोनंद दावलं, सांगली दावली."

सगळे हसले. कृष्णात सगळ्यात जास्त हसला आणि हसता हसता त्यानं तोंड पुसलं.

आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. शेतवाल्यानं दिलेल्या बाजरीच्या भाकरी, लसणाची चटणी आणि दूध. नाथाजींसमोर ती दोन कोकरं आणून ठेवली, ती त्यांनी मांडीवर घेतली आणि हातातला घास थांबवून त्यांचे पाय, कान सगळं तपासलं. कृष्णात म्हणाला, उद्या टेम्पोतून तुम्हाला थेट वाडीवर सोडतो. नाथाजी नको म्हणाले. घराला अजून कुलूप आहे, तिथं एकटं जाऊन काय करू? मग धनाजी म्हणाला की या वेळी घोड्यावर बसायचं, काही ऐकणार नाही. त्यावर बराच वाद झाला. घोड्यावर कोंबड्या आणि भांडी असतात, माणूस नाही, असं नाथाजींचं म्हणणं. शेवटी पाय बरा होईपर्यंत घोड्यावर बसायचं ठरलं.

आम्ही उठलो तेव्हा नाथाजी झोपले होते. पालात नाही, बाहेर, मेंढरांच्या कडेला, जमिनीवर आडवे. स्वप्नालीनं अंगावर घोंगडं घातलं तरी त्यांना कळलं नाही. इतके दिवस दगडावर बसून ते झोपले असतील की नाही कुणास ठाऊक.

कृष्णात टेम्पोत बसला, पण त्यानं किल्ली फिरवली नाही. खाली उतरून माझ्यापाशी आला.

"तात्या, जरा ढकलताय का? सुरू केला तर जागं हुईल म्हातारं."

धनाजीही धावत आला. रान उताराचं होतं, फार जोर लागला नाही. आम्ही तिघांनी टेम्पो ढकलत ढकलत बांधावरून रस्त्यापर्यंत नेला, तिथून आणखी थोडा पुढं नेला, आणि मग सुरू केला.